कार्बन मोनॉक्साइड अलार्म: टाउनशिप काय बघते, काय बघत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीतलं टाउनहाउस विकायला काढलंय. क्लोजिंगच्या, म्हणजे घर खरेदीदाराच्या नावावर व्हायच्या, आधी टाउनशिपचा (तिथल्या स्थानिक पालिकेचा) फायर इन्स्पेक्टर येऊन गेला, पण अलार्म वगैरे ठीक असल्याचं सर्टिफिकेट दिलं नाही. स्मोक अलार्म सगळे ठीक निघाले, मात्र कार्बन मोनॉक्साइड या इंधन जळताना होणाऱ्या विषारी वायूचा एकुलता एक अलार्म बेसमेंटमध्ये फर्नेसशेजारी, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीशेजारी, आहे, बेडरूमजवळ नाही. ‘वायू जिथे तयार होतो तिथेच अलार्म हवा ना?’ असं तुम्ही विचारलंय. जोडीला आणखी दोन प्रश्न आहेत: घेतलेल्या नव्या घरासाठी हे सगळं परत करावं लागेल का, आणि डिसेंबरात पुण्याहून येणाऱ्या आईवडिलांसाठी वेगळं काही करायचं का.

मी न्यू जर्सीत घरं तपासायचंच काम करतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: इन्स्पेक्टरचं बरोबर आहे. इथल्या राज्याच्या फायर कोडप्रमाणे एक किंवा दोन कुटुंबांच्या घरात झोपायच्या जागेपासून १० फुटांच्या आत हा अलार्म लागतो. तो फर्नेसवर पहारा ठेवायला नसतो, झोपलेल्या माणसाला उठवायला असतो. दहा फुटांवर ८५ डेसिबल इतका त्याचा आवाज. बेसमेंटमध्ये वाजला तर मधे दोन जिने, दोन बंद दारं आणि बेडरूममधल्या ह्युमिडिफायरची घरघर. वर काय ऐकू येणार? त्यात अडचण अशी की कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे सीओ, चढत असताना माणूस आधीच गुंगीत असतो. जागेपणी डोकं दुखतं, मळमळतं, काहीतरी बिनसलंय हे कळतं. झोपेत यातलं काहीच कळत नाही.

फर्नेसला चिकटून लावू नये याचं दुसरंही कारण आहे. बर्नर पेटताना पहिल्या काही सेकंदांत थोडा सीओ बाहेर पडू शकतो आणि त्याने अलार्म उगाच वाजतो. दोनदा उगाच वाजला की घरातलं कोणीतरी त्याची बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये टाकतं. बेसमेंटमध्ये हवाच असेल तर दुसरा लावा, फर्नेसपासून दहापंधरा फूट लांब, शक्यतो जिन्याच्या तोंडाशी. आणि तो जमिनीलगतच हवा असा जो समज आहे तो घरगुती सिलिंडरच्या गॅसवरून आलेला आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचतो. सीओचं वजन हवेच्या जवळपास तेवढंच, शिवाय तो गरम धुरासोबत येतो, त्यामुळे घरभर पसरतो. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला, छताला, सॉकेटमध्ये, कुठेही चालतो. फक्त पडद्यामागे किंवा सोफ्याच्या पाठीमागे नको.

आता सर्टिफिकेटबद्दल. त्यात तीन गोष्टी एकत्र बघतात: स्मोक अलार्म, सीओ अलार्म आणि स्वयंपाकघरापासून १० फुटांत एक छोटं अग्निशामक. सीओ अलार्म कधी लागतो? घरात इंधन जाळणारं काहीही असेल तर, किंवा घराला जोडून गॅरेज असेल तर. म्हणजे फर्नेस, वॉटर हीटर, गॅसची शेगडी, फायरप्लेस यांपैकी एकही पुरे. सगळं घर विजेवर आणि गॅरेज वेगळं, अशा घराला सूट आहे, पण आपल्या लोकांच्या टाउनहाउसांत अशी घरं फारच थोडी. अर्ज जितका उशिरा तितकी फी जास्त, म्हणून क्लोजिंगच्या आठवड्यात धावपळ करू नका. मात्र फार आधी काढूनही उपयोग नाही, कारण सहा महिन्यांत घर हस्तांतरित झालं नाही तर अर्ज परत करावा लागतो.

नव्या घराचं सर्टिफिकेट तिथला विकणारा काढेल, तुम्हाला काढायचं नाही. मात्र जुनं घर न विकता भाड्याने द्यायचा विचार मनात असेल तर नीट ऐका. नियम विक्रीपुरता नाही, राहणारा बदलला की लागू होतो. दर नव्या भाडेकरूला नवं सर्टिफिकेट. हे माहीत नसलेले मराठी घरमालक मला दर वर्षी भेटतात. ‘रिअल्टर (घरांचा एजंट) बोलला नाही’ म्हणतात. भाडेकरू व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून मिळाला असेल तर रिअल्टर येणार कुठून?

आता थोडं मागे जातो, कारण या नियमांतला जवळपास प्रत्येक आकडा कुठल्या तरी घटनेतून आलाय आणि ती घटना माहीत असली की नियमाची फट कुठे आहे हेही दिसतं. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत घरोघरी सीओ अलार्म सक्तीचा करणारं पहिलं शहर शिकागो, १९९४ साली. त्याच डिसेंबरात शहरावर थंड हवेचा थर अडकून बसला, गाड्यांचा आणि चिमण्यांचा धूर वर जाईना, आणि नव्याकोऱ्या अलार्मांनी शहरभर एकच कल्ला केला. अग्निशमन दलाला हजारो फोन गेले. बहुतेक घरांत धोका काहीच नव्हता. त्यानंतर अलार्म कधी वाजावा याचं मानक बदलत गेलं. आज यूएल २०३४ या अमेरिकी सुरक्षा मानकाप्रमाणे हवेत ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) सीओ असेल तर अलार्म एक ते चार तासांच्या दरम्यान वाजतो, १५० असेल तर १० ते ५० मिनिटांत, ४०० असेल तर ४ ते १५ मिनिटांत. आणि ३० पीपीएम असेल तर? महिनाभर असला तरी वाजता कामा नये, असं मानकच सांगतं.

म्हणजे अलार्म गप्प आहे याचा अर्थ हवा स्वच्छ आहे असा होत नाही. निरोगी माणसाला मरणाच्या दारातून परत आणणं एवढंच त्याचं काम. घरात गर्भवती असेल, तान्हं बाळ असेल, कोणाला हृदयविकार असेल, तर त्यांना ३०-४० पीपीएमसुद्धा रोज तासन्‌तास चांगला नाही. अशा घरांना मी आकडा दाखवणारा अलार्म घ्यायला सांगतो. काही मॉडेलांत आजवरचा सर्वांत मोठा आकडा साठून राहतो, बटण दाबलं की दिसतो. रात्री तीनला काय झालं ते सकाळी सातला कळतं.

मॅसॅच्युसेट्समधला नियम बर्फातून आला. जानेवारी २००५ मध्ये हिमवादळात एका घराची भिंतीतून बाहेर काढलेली धुराची नळी बर्फाखाली गाडली गेली, धूर उलटा घरात आला आणि सात वर्षांची मुलगी दगावली. तिच्या नावाने निकोल्स लॉ झाला, ३१ मार्च २००६ पासून तिथे घराच्या प्रत्येक मजल्यावर अलार्म लागतो. त्या राज्यात नव्या घरांच्या बाहेर, भिंतीवर आठ फूट उंचीला, ‘खाली गॅसची नळी आहे, मोकळी ठेवा’ अशी पाटी दिसते ना, ती याच धड्यातून. न्यूयॉर्क राज्यात अमांडाज लॉ आहे, फेब्रुवारी २०१० पासूनचा. सोळा वर्षांची मुलगी मैत्रिणीकडे रात्री राहायला गेली होती, त्या घरातला बॉयलर बिघडलेला होता. तुम्ही स्वतःच्या घरात दहा अलार्म लावा, मुलं स्लीपओव्हरला दुसऱ्याच्या घरी झोपतात. मुलांना पाठवताना ‘तुमच्याकडे सीओ अलार्म आहे ना?’ हे विचारायला संकोचायचं काही कारण नाही.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि इथे जरा सविस्तर लिहितो, कारण टाउनशिपच्या तपासणीत नेमकं हेच निसटतं.

इन्स्पेक्टर बेडरूम मोजतो. पण आईवडील बेडरूममध्ये झोपतात का? गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, म्हणून खालच्या मजल्यावरची डेन किंवा फॅमिली रूम त्यांना दिली जाते. सोफा-कम-बेड, टेबलावर औषधांचा डबा, स्टूलवर पाण्याचा तांब्या. वरच्या मजल्यावर हॉलमध्ये अलार्म असतो, खाली नाही. किंवा मग बेसमेंट फिनिश करून तिथे खोली केलेली असते, परमिट न काढता, आणि एका पार्टिशनपलीकडे फर्नेस. कागदावर ती बेडरूम नाही, म्हणून तिथे अलार्म नाही. नियमाचे शब्द मात्र ‘झोपायची जागा’ असे आहेत. जिथे कोणी चार महिने झोपणार आहे ती झोपायची जागा. आईवडील यायच्या आधी तिथे एक अलार्म लावा. प्लगमध्ये लावायचा, बॅटरीचा, कुठलाही चालेल. दुकानात तीस-चाळीस डॉलरला मिळतो.

दुसरी गोष्ट एक्झॉस्टची. आपल्या फोडण्यांसाठी लोक शेगडीवर धूर ओढणारा चांगला दणकट रेंज हूड बसवतात, ७००, ९०० सीएफएमचा. तो मिनिटाला ९०० घनफूट हवा घराबाहेर फेकतो. तेवढी हवा आत कुठून येणार? नव्या घरांच्या खिडक्या घट्ट असतात. मग ती हवा जो रस्ता मिळेल तिथून येते, आणि बेसमेंटमधल्या साध्या वॉटर हीटरची चिमणी हा एक रस्ता असतो. वर जाणारा धूर खाली ओढला जातो. म्हणून ४०० सीएफएमच्या वरच्या हूडला बाहेरची हवा आत घ्यायची सोय करावी लागते, असं बिल्डिंग कोड सांगतो. किचन रिमॉडेल करणारा कंत्राटदार हे बहुतेक वेळा गाळतो.

हे घरी बघता येतं. सगळ्या दारं-खिडक्या लावून घ्या. हूड पूर्ण वेगाने, बाथरूमचे पंखे आणि ड्रायर चालू करा. गरम पाण्याचा नळ सोडा, म्हणजे वॉटर हीटरचा बर्नर पेटेल. पाच मिनिटं थांबा. वॉटर हीटरच्या डोक्यावर, जिथून चिमणीचा पाइप सुरू होतो तिथे टोपीसारखा एक उघडा भाग असतो. त्याच्या कडेला पेटलेली अगरबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. धूर तुमच्या तोंडावर आला तर हूड बंद करा, खिडकी उघडा आणि लायसन्सवाल्या एचव्हीएसीवाल्याला (हीटिंग-कूलिंगचं काम करणाऱ्याला) बोलवा. अजून एक खूण बघा: टाकीच्या वर गरम आणि थंड पाण्याच्या पाइपांच्या बुडाशी लाल-निळ्या प्लास्टिकच्या चकत्या असतात. त्या वितळून वाकड्या झाल्या असतील तर धूर बरेच दिवस उलटा येतोय. चिमणीतून वर जायची ती उष्णता टाकीच्या डोक्यावर सांडते. घर बघायला गेलो की मी आधी त्या चकत्यांकडे बघतो. ज्या टाकीला पंखा बसवून प्लास्टिकच्या नळीने धूर भिंतीबाहेर काढलाय, तिला हा त्रास नसतो. तिथे बर्फ पडला की बाहेर जाऊन नळीचं तोंड मोकळं करायचं, एवढं लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट, वास्तुशांत. नवं घर म्हटलं की हवन आलं. गोवऱ्या, समिधा, तूप, आणि बाहेर थंडी म्हणून दारं बंद. स्मोक अलार्म कोकलतो, गुरुजी मंत्र थांबवून वर बघतात, कोणीतरी खुर्चीवर चढून अलार्म काढतं. तिथवर ठीक. पुढचं मी पाहतो: दोन वर्षांनी घर तपासायला जावं तर छतावर नुसती गोल पट्टी, आणि अलार्म लॉन्ड्रीच्या कपाटात पिशवीत. काहींवर हवनाच्या दिवशी लावलेलं प्लास्टिक आणि रबरबँड तसंच. हवन करा, पण दोन खिडक्या आणि मागचं दार उघडं ठेवा, आणि प्रसाद वाटायच्या आधी अलार्म परत चढवा. सीओ अलार्म तर काढूच नका. लाकूड आणि गोवऱ्या बंद खोलीत जळतात तेव्हा सीओ खराच असतो. तो वाजला तर खोटा वाजला असं समजू नका. कोळशाची शेगडी, तंदूर किंवा ग्रिल गॅरेजमध्ये नको, दार उघडं ठेवूनही नको. जनरेटर घरापासून निदान २० फूट लांब. २०१२ च्या सँडी वादळानंतर न्यू जर्सीत वीज गेली तेव्हा पाण्याने नव्हे, जनरेटरच्या धुराने गेलेली माणसंही होती.

चौथं, बटणाने सुरू होणारी गाडी. किल्ली खिशात, इंजिनाचा आवाज नसल्यासारखा, सामान उतरवायच्या नादात गाडी गॅरेजमध्ये चालूच राहते. वरच्या बेडरूमच्या बरोबर खाली. आईवडिलांच्या फ्लाइटहून रात्री उशिरा घरी आलात की दहा बॅगा उतरवताना हे सहज घडू शकतं.

अलार्म वाजला तर काय? चार पिप, थोडी विश्रांती, परत चार पिप, हा सीओचा आवाज. तीनतीनचा आवाज आगीचा. मिनिटाला एखादी चिवचिव म्हणजे बॅटरी संपली किंवा अलार्मचं आयुष्य संपलं. आईवडिलांना हा फरक बटण दाबून ऐकवून ठेवा. चारचा आवाज आला की सगळ्यांना घेऊन बाहेर, मोजून, आणि बाहेरून ९११. खिडक्या उघडून आत बसून राहू नका. हवा निघून गेली की अग्निशमनवाल्यांच्या मीटरवर शून्य दिसतं, दोष सापडत नाही आणि रात्री पुन्हा तेच.

कोविडपासून घराघरात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. सीओच्या बाबतीत तो फसवतो. सीओ ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट हिमोग्लोबिनला चिकटतो आणि साधा ऑक्सिमीटर त्या रक्तालाही ऑक्सिजनचंच रक्त समजतो. माणूस गुदमरतोय आणि आकडा ९८. आई म्हणाली डोकं जड झालंय, बाबांनाही तसंच, ताप नाही, आणि बाहेर फिरून आलं की बरं वाटतं, तर जेट लॅग म्हणून सोडून देऊ नका. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासून खरं कळतं, आणि ते वेळेत काढावं लागतं, कारण साध्या हवेतही चारपाच तासांत निम्मा सीओ शरीरातून निघून जातो.

परत जाताना त्यांच्याबरोबर एक अलार्म द्यायचा विचार असेल तर बॅटरीवाला द्या. इथला प्लगमधला १२० व्होल्टचा, पुण्यात जळेल. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर अलार्म आत नको, वाफेने सेन्सर खराब होतो. दाराबाहेर लावा. पण अलार्म लावला म्हणून बंद बाथरूममधला गिझर सुरक्षित होत नाही. तो बाहेर बाल्कनीत किंवा ड्राय एरियात काढणं हाच उपाय. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, गळती नाकाला कळते. सीओला वास नाही, आणि नळी कुठेही गळत नसताना तो तयार होतो.

इतर ठिकाणच्या वाचकांसाठी दोन ओळी. न्यूयॉर्क शहरात २००४ च्या स्थानिक कायद्याने बेडरूमच्या दारापासून १५ फूट हे अंतर ठरलं, अलार्म लावायची जबाबदारी घरमालकाची. कॅलिफोर्नियात स्वतंत्र घरांना जुलै २०११ पासून सक्ती आहे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात बॉयलर किंवा फायर असलेल्या प्रत्येक राहत्या खोलीत अलार्म लागतो, मोडला तर घरमालकाने दुरुस्त करायचा, नाहीतर कौन्सिल ५,००० पाउंडांपर्यंत दंड करू शकतं. पण त्या नियमातून गॅसचा कुकर वगळलेला आहे, आणि स्वतःच्या मालकीच्या जुन्या घराला तो लागूच नाही. लेस्टर, स्लाउ, हॅरोमधल्या मंडळींनी कौन्सिलची वाट बघू नये, स्वतःच घ्यावा.

तर तुमच्या फेरतपासणीबद्दल. बेसमेंटमधला जुना अलार्म उचलून वर लावायचा मोह होईल, तसं करू नका. आधी उलटा करून मागची उत्पादनाची तारीख बघा. आतला सेन्सर बॅटरी ताजी असली तरी म्हातारा होतो, जुन्या मॉडेलांचा पाच ते सात वर्षांत, हल्लीच्यांचा दहा वर्षांत. टेस्टचं बटण फक्त भोंगा आणि सर्किट तपासतं, सेन्सर नाही, त्यामुळे मेलेला अलार्मही बटण दाबल्यावर छान वाजतो. दोन नवे घ्या, एक वरच्या हॉलमध्ये, टेप लावून मोजून, सगळ्या बेडरूमच्या दारांपासून दहा फुटांच्या आत, आणि दुसरा आईवडील झोपणार तिथे. एखादी बेडरूम हॉलच्या दुसऱ्या टोकाला असेल तर तिच्यासाठी वेगळा. पावत्या जपा, अग्निशामक नवं असेल तर त्याचीसुद्धा, इन्स्पेक्टर मागतो. फेरतपासणीची वेळ आजच ठरवा. काही टाउनशिप परत यायचे पैसे वेगळे घेतात, आणि सुट्ट्यांच्या दिवसांत तारीख मिळणं कठीण असतं.